करंबोळीची ग्रामसभा

पाटा-वरवंटा आणायला गेलतो ताई, एवढंच काम होतं. दोन हजार चार-पाचची गोष्ट असंल. धरणाचं पाणी त्या उन्हाळ्यात फार खाली गेलं आणि बुडालेली करंबोळी वर आली, असं कळलं. आजऱ्याच्या पलीकडं आमचं गाव; आता सगळे माळावरच्या वसाहतीत राहतो. माझ्या सासूबाई, सोनूबाई, गावच्या शेवटच्या सरपंच; मी त्यांना आत्या म्हणते. बौद्धवाड्यातली बाई सरपंच झाली म्हणून सुरुवातीला सभेला कुणी फिरकत नव्हतं. तेव्हा शेजारची तानाबाई तेवढी येऊन पुढं बसायची.

पाणी भरायला लागलं, सामान न्यायला ट्रक आले, त्या दिवशी तानाबाई कुणालाच सापडली नाही, पुढंही कधी नाही. तिला गाव सोडायचं नव्हतं. पुढं ग्रामपंचायतही मोडली. सरकारदरबारी करंबोळी म्हणून काही उरलंच नाही.

टेम्पो वर रस्त्याला थांबवून आम्ही दोघी पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. गाळ वाळून भेगाळलेला. घरांची जोती तेवढी शिल्लक. पाखरू नाही, वारा नाही. आत्या दमून पंचायतीच्या जोत्यावर टेकल्या. मी आमच्या चुलीच्या जागी गाळ उकरत बसले.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज आला. "बसा... सरकून बसा."

मी जवळ गेले. "आत्या, कुणासंगं बोलताय?"

"तानाबाई आलिया," त्या हळू म्हणाल्या. डोळे वाहत होते. "म्हणतिया, गाव मोडलं न्हाई. माणसं येऊन बसल्यात. सभा घे..."

समोर कुणीच नव्हतं. पण त्या कोरड्या गाळातून ओल्या लुगड्यांचा वास यायला लागला.

आत्या एकेका घराला हाक मारू लागल्या. धोंडुबाई... महालिंगअण्णा... गाव सुटल्यावर झुरून मेलेली सगळी माणसं. दर नावाला जमिनीवर कुणीतरी अंग टेकल्यासारखा आवाज व्हायचा. मला पळावंसं वाटत होतं. पण त्यांना टाकून जाणार कुठं? त्या रडत होत्या आणि हाका मारत होत्या. मारता मारता, सवयीनं, त्यांच्या तोंडून आपल्याच घरचं नाव गेलं.

"बाबासो..."

बाबासो म्हणजे माझे मालक. त्या वेळी ते वारणानगरला कामावर होते.

"हाय की," माझ्या पाठीमागून त्यांचाच आवाज आला.

आत्यांनी तोंडावर हात दाबला. मी त्यांना ओढतच टेम्पोपर्यंत आणलं. पाटा तिथंच राहिला.

दोन दिवसांनी मालक सुट्टीला घरी आले. धडधाकट. मी आत जाऊन पदरात तोंड घालून रडून घेतलं. जेवताना ते सहज म्हणाले, "आई, परवा कामावर तुझी हाक ऐकू आली बघ. मी आपलं 'हाय की' म्हटलं. सगळी हसली मला."

आत्यांचा घास हातातच राहिला. "बाबा... परत कुणी हाक मारली तर ओ देऊ नगंस."

"कालबी मारली की," मालक म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला. "दुसरीच कोण तरी बाई होती. म्हणाली, ये लेकरा... तुझी जागा धरून ठिवलिया."