बत्तिसावा रोलर

"मिस्त्री आहेत का?"

"समोरच उभी आहे."

खांद्यावर बोटीचं मशीन घेऊन दारात उभा असलेला नाववाला गोंधळला. त्यानं तिच्या मागे पाहिलं, टेबलापलीकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे... आणि हसला. त्या हसण्यातच पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ होतं.

बोटींची मशीनं दुरुस्त करणं हा तिच्या वडिलांचा धंदा. त्यांची नजर अधू झाली तशी वर्षभरापूर्वी हत्यारं तिच्या हाती आली, आणि धक्क्यावर तिला सगळे छोटी मिस्त्री म्हणू लागले. कुणी कौतुकानं, कुणी खवचटपणे. एक चूक झाली की "पोरीच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार!" म्हणायला निम्मा धक्का टपलेलाच होता.

तिनं मशीन उघडलं. आतलं बेअरिंग म्हणजे सुईसारखे बारीक, सुटे बत्तीस रोलर.

"नवा सेट लागेल का हो?" त्यानं काळजीनं विचारलं.

तिनं एकेक रोलर धुऊन उजेडात धरला. तापून निळा पडलेला एकही नव्हता, कुठे खड्डा नव्हता, नख फिरवलं तर अडकत नव्हतं. "हेच परत चालतील. पण बत्तीसच्या बत्तीस आत जायला हवेत. एक जरी कमी पडला तर बाकीचे तिरके होतात, आणि मशीन भर पाण्यात जाम."

"एकत्र कुटुंबच म्हणा की!"

"हो. आणि एकमेकांना धरून राहतात, हे विशेष."

दुसऱ्या दिवशी ग्रीस लावून ती एकेक रोलर बसवू लागली. तो समोर रिकाम्या ड्रमवर बसला होता — काम नसताना.

"...एकवीस, बावीस, तेवीस—"

"मोजताना तुमचे ओठ हलतात. माहीत आहे तुम्हाला?"

तिचे कान तापले. आता पुढचा चोवीस... की पंचवीस? खरं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायला हवं होतं. पण मोजलं असतं तर त्याला कळलं असतं ना! तिनं मुकाट्यानं उरलेले बसवले. रोलरची वाटी रिकामी झाली, तशी ती ऐटीत म्हणाली, "बत्तीस!"

"नीट मोजलेस ना गं?" कोपऱ्यातून वडिलांनी विचारलं.

"हो, बाबा."

दुपारी मशीन बोटीला लागलं आणि तो एक फेरी मारून बघायला निघाला. उद्या त्याला याच बोटीतून आईला पलीकडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. ती हात धुवायला उठली, बाही वर सारली... आणि बाहीच्या घडीत, ग्रीसला चिकटून, एक रोलर!

"अगं बाई!" ती ओरडली.

"काय झालं गं?"

"बाबा, मी... मी नीट मोजलेच नव्हते!"

ती धावत सुटली. चपला वाटेतच राहिल्या. धक्क्यावर पोचली तेव्हा बोट बरीच आत गेली होती. तिनं दोन्ही हात हलवले. त्यानंही दोन्ही हात हलवले, दुप्पट उत्साहानं, आणि वेग वाढवला!

"अहो, बंद करा! मशीन बंद करा!"

वाऱ्यापुढे तिचा आवाज कुठला पोचणार? ती कानात प्राण आणून मशीनचा आवाज ऐकत राहिली. आता खडखडेल, आता अडकेल... देवा, माझं नाव बुडालं तरी चालेल, त्याची नाव तेवढी बुडू देऊ नकोस!

शेवटी तिनं डोक्यावर हातांची फुली धरली आणि तशीच उभी राहिली. आवाज थांबला. तो वल्ही मारत परत निघाला. अंतर काही केल्या सरेना. तोवर वडीलही काठी टेकत आले होते, आणि बघ्यांना काय, निमित्तच हवं असतं.

तो धक्क्याच्या फळ्यांवर चढला. तिनं तळहात उघडला. त्यानं रोलर उचलला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"उद्या आई असती बोटीत..."

"माहीत आहे. चूक माझीच आहे. हवं तर मशीन दुसऱ्या कुणाकडे न्या."

"आणि दुसऱ्याकडून चूक झाली, तर सांगायला असं अनवाणी कोण धावत येणार?" त्यानं रोलर बोटांत फिरवला. "पण खरं सांगा... मोजताना लक्ष कुठे होतं?"

मागे वडील होते, सगळा धक्का कान टवकारून होता. पण सकाळी एकदा खोटं बोलून झालं होतं. पुन्हा बोलायची तिच्यात हिंमत नव्हती.

"तुमच्याकडे."

तो असा दचकला, की रोलर त्याच्या बोटांतून निसटला आणि फळ्यांच्या फटीतून थेट पाण्यात! दोघंही वाकून बघत राहिली.

"एकतीसच उरले," ती पुटपुटली. "आता नवा सेटच मागवावा लागेल."

"आईला काकांच्या बोटीतून नेईन मी. पण सेट यायला किती दिवस लागतील?"

"आठ."

"आठच?" तो हिरमुसला.

तिनं वडिलांकडे एकदा चोरून पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बरं... पंधरा धरा."