पाण्यातले डाग

आमच्या सेंटरच्या मागच्या गल्लीत कापडाचे लूम चालतात. त्यांची खटखट भिंतीतून येते, जमिनीतून येते, आणि टेबलावरच्या ग्लासातलं पाणी दिवसभर बारीक थरथरत असतं. भिवंडीत वाढलेल्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. लाइट जाऊन लूम थांबले, की मात्र आम्ही सगळे दचकून वर बघतो.

मी आसावरी, इथली रेडिऑलॉजिस्ट. कल्याण नाक्याजवळच्या या सेंटरमध्ये सीटी स्कॅनचे रिपोर्ट मी लिहिते, मशीन शैलेश चालवतो. रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी तो टेबलावर फँटम ठेवतो. फँटम म्हणजे पाण्याने भरलेलं, पिंपाच्या झाकणाएवढ्या रुंदीचं बंद प्लास्टिकचं नळकांडं. त्याचा स्कॅन काढायचा. पाणी सगळीकडे सारखंच राखाडी दिसलं, म्हणजे मशीन खोटं बोलत नाही. मग दिवस सुरू.

ठकीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा फँटम अजून टेबलावरच होता. पडघ्याच्या पलीकडच्या वारली पाड्यावरच्या त्या, हायवेलगतच्या एका गोदामात पॅकिंगला जात. दोन वर्षांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशन, केमो सगळं झालं होतं. आता रक्ताच्या तपासणीत यकृताचं काहीतरी बिघडलेलं दिसलं, म्हणून ठाण्याच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. सोबत नवरा वाघ्या. तो पिशवी छातीशी धरून भिंतीला टेकून उभा राहिला.

"ह्या डब्यात काय हाय?" ठकीबाईंनी विचारलं.

"पाणी," शैलेश म्हणाला.

"पान्याचाबी फोटो काढता? मंग आमच्या नळाचा काढा. दोन वर्सं झाली, येतच न्हाय."

शैलेश इतका हसला की सुई टोचायच्या आधी त्याला जरा थांबावं लागलं.

चित्रं मात्र हसण्यासारखी नव्हती. शिरेतून औषध दिलं की निरोगी यकृत उजळतं, आणि स्तनातून तिथे पोचलेला रोग काळपट डागांसारखा उरतो. ठकीबाईंच्या यकृतात असे पाच डाग होते. सर्वांत मोठा लिंबाएवढा, एका बाजूला खाच पडलेला.

मी रिपोर्ट लिहीत होते तेवढ्यात त्या न विचारता माझ्या खोलीत आल्या आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"बाय, खरं सांग. माझ्या पूर्वाचं लगीन वैशाखात हाय. मना नाचायचं हाय. नाचता येल का?"

"नवीन औषधं सुरू होतील. मग बघू."

"बघू नको. येल म्हन, न्हाय तर न्हाय म्हन."

"येईल," मी म्हणाले. आमच्या धंद्यात असं कुणी बोलत नाही. मी तर त्याआधी कधीच बोलले नव्हते.

जानेवारीत त्या पुन्हा आल्या. केस गेलेले, डोक्याला हिरवा स्कार्फ, पण पाठ ताठ. स्कॅन पडद्यावर उलगडला आणि मी खुर्चीतच पुढे सरकले. पाचही डाग निम्म्याने आकसले होते. मी बाहेर जाऊन सांगितलं तेव्हा ठकीबाईंनी वाघ्याच्या पाठीत अशी थाप मारली की त्याच्या हातातली पिशवी पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेशने मला हाक मारली. "मॅडम, जरा येता का?"

पडद्यावर फँटम होता. राखाडी पाण्यात, वरच्या बाजूला, पाच फिकट डाग.

मशीन बिघडलं की चित्रात कडी उमटतात, मध्यभागाभोवती एकात एक. ही कडी नव्हती. बुडबुडा असता तर काळा दिसला असता. हे डाग पाण्यापेक्षा दाट होते, मांसाएवढे. एकाला बाजूने खाच होती.

"बघितल्यासारखं वाटतंय ना?" शैलेश म्हणाला.

दुपारी मशीनचा इंजिनिअर मनोज आला. त्याने फँटमचं झाकण उघडलं, पाणी बेसिनमध्ये ओतलं. लख्ख पाणी. थोडं ग्लासात घेऊन खिडकीशी धरलं आणि म्हणाला, "काही नाही ओ यात. पिऊन दाखवू का?" मग त्याने नळकांडं आतून पुसलं, नवं पाणी भरलं, स्कॅन काढला.

डाग तिथेच होते. उलट जरा ठळक.

मनोजने ग्लास हळूच बाजूला ठेवला.

तो गेल्यावर शैलेशने ठकीबाईंचे दोन्ही स्कॅन उघडले आणि शेजारी फँटम लावला. जागा तीच. खाच तीच. यकृतात जेवढं कमी झालं होतं, तेवढं पाण्यात होतं.

त्या दिवशी टेबलावर झोपलेल्या प्रत्येक माणसाचं चित्र मी दोनदा तपासलं. कुणाच्याही पोटात काही आगंतुक दिसलं नाही. मशीन खोटं बोलत नव्हतं.

एप्रिलमध्ये ठकीबाईंचा तिसरा स्कॅन झाला. यकृत स्वच्छ. मी पडदा खालीवर फिरवला, पुन्हा फिरवला. डाग नव्हतेच. ठाण्याच्या डॉक्टरांचा फोन आला. "औषध छान लागू पडलं," ते म्हणाले. मी हो म्हणाले. खोटं नव्हतं ते. औषधाने असं होतं, क्वचित, पण होतं.

बाहेर ठकीबाईंनी मला मिठी मारली ती सुटेचना. बाकावर बसलेल्या एका बुरखेवाल्या आजींनी विचारलं, "क्या हुआ?" शैलेशने सांगितलं. "अरे मुबारक हो!" म्हणत त्या उठल्याच, आणि दोन बायका एकमेकींचं नावही न विचारता गळ्यात पडून रडल्या, हसल्या. इतक्या महिन्यांत एक शब्द न बोललेला वाघ्या पुढे आला. पिशवीतून पळसाच्या पानांत बांधलेली करवंदं काढून त्याने माझ्या हातात ठेवली.

"तुमी लग्नाला यायचंच," तो म्हणाला.

त्याच आठवड्यात मनोज जानेवारीत मागवलेला नवा फँटम घेऊन आला. नव्यात राखाडी पाण्याशिवाय काही नव्हतं. जुन्यात पाच पुरे वाढलेले डाग, सर्वांत मोठा लिंबाएवढा.

"हा मी नेतो," मनोज म्हणाला. "भंगारात टाकतो."

"नको," मी म्हणाले.

"का हो मॅडम?"

मी फँटमवर हात ठेवला. शेवटी शैलेश मध्ये पडला. "राहू दे ना. कपाटात पडून राहील. पाण्याला कुठं दुखतंय?"

मनोज गेल्यावर शैलेशने फँटम दोन्ही हातांनी उचलला, तान्हं मूल उचलावं तसा, आणि किरणांपासून बचावाचे शिशाचे एप्रन ठेवतो त्या कपाटात तळाशी ठेवला.

"फेकला असता तर परत तिच्याकडे गेलं असतं का?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"लग्न तर होऊ दे," तो म्हणाला आणि कपाट लावून टाकलं.

लग्न भर दुपारी होतं. पाड्यावर जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, बाजूला हायवेवरचे ट्रक हॉर्न देत चाललेले. लग्न लावणाऱ्या म्हाताऱ्या धवलेरीने गाणी संपवली आणि लगेच बेंजोवाल्यांनी ताबा घेतला. ठकीबाईंच्या डोक्यावर बोटभर पांढरे केस उगवले होते. त्यातच त्यांनी अबोलीची वेणी कशी कोण जाणे अडकवली होती. त्या नाचल्या. पूर्वाबरोबर नाचल्या, जावयाबरोबर नाचल्या, वाघ्याला ओढून नाचल्या, शैलेशला तर घाम फुटेपर्यंत सोडलं नाही. मी कडेला उभी होते. त्या आल्या, माझा हात धरला.

"येल म्हनली व्हतीस ना? मंग चल!"

मी आयुष्यात कधी चारचौघांत नाचले नव्हते. त्या दिवशी चप्पल तुटेपर्यंत नाचले. परतताना शैलेश आणि मी रिक्षात उगाचच हसत होतो. अंगभर लाल धूळ, घशात गुळाच्या जिलबीची गोडी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवा फँटम तपासला. चित्र काटेकोर, कडा धारदार. मग माझ्याकडे बघितलं.

"जुना एकदा बघायचा?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. पण आम्ही दोघंही खुशीत होतो, आणि मला वाटलं, कदाचित तिथूनही गेलं असेल.

त्याने जुना फँटम टेबलावर ठेवला, पट्टा बांधला, दार लावलं.

डाग होते. पण कडा दुहेरी आल्या होत्या, पुसट, सरकलेल्या.

"टेबल हललं असेल," मी म्हणाले.

त्याने पुन्हा काढला. पुन्हा तसंच.

मधे नवा ठेवून बघितला. धारदार. मग परत जुना. सरकलेला.

असं चित्र आम्ही दोघांनी हजारदा बघितलं होतं. स्कॅन चालू असताना पेशंटची छाती वरखाली झाली, की यकृताच्या कडा अशाच दिसतात. पेशंटला मग माइकवरून सांगावं लागतं.

काचेपलीकडे टेबलावर ते नळकांडं पडलं होतं. झाकण घट्ट. काहीही हलत नव्हतं.

मी माइकचं बटण दाबलं.

"श्वास घ्या," मी म्हणाले. "आता रोखून धरा."

शैलेशने स्कॅन सुरू केला.

चित्र स्वच्छ आलं. पाचही डाग, एकेक कड रेखल्यासारखी.

आम्ही पडद्याकडे बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे. मग शैलेश एकदम दचकला, घाईघाईने माझ्यावरून वाकला आणि माइकचं बटण दाबलं.

"सोडा," तो म्हणाला. "श्वास सोडा."