डाव्या चाकाचा हट्ट

"ठोक! अजून एक! जरा जोर लाव की!"

"लावतोय! अंगात आहे तेवढाच जोर लागणार ना!"

ठण्ण! हातोडा पडला, शेडच्या पत्र्यावरची कबुतरं फडफडत उडाली, पण ॲक्सल काही जागचा हलला नाही.

पैलवानाने हातोडा खाली टेकवला आणि तो धापा टाकू लागला. त्याला पैलवान का म्हणत, हे त्याच्याकडे बघून कुणालाही कळलं नसतं. फुंकर मारली तर उडेल असा तो मुलगा! सुट्टीसाठी त्याच्याकडे दोघी मावसबहिणी आल्या होत्या. थोरली, मघाशी 'ठोक!' म्हणून ओरडणारी, चौदा वर्षांची. तिला सगळेच ताई म्हणत, कारण तिला हुकूम सोडायची फार हौस. धाकटी दहा वर्षांची, ती गडबड. शाळेच्या कवायतीत सगळा वर्ग डावीकडे वळला की ही उजवीकडे वळायची आणि शेजारणीच्या नाकावर आपटायची. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

आणि लोखंडी घोड्यांवर पुढचं अंग उचलून ठेवलेली ती निळी व्हॅन म्हणजे फिरतं वाचनालय. पैलवानाची आई, म्हणजे या दोघींची मावशी, ती व्हॅन अकरा वर्षं चालवत होती. आडबाजूच्या वस्त्यांमधली मुलं तिचा हॉर्न ऐकला की जेवण अर्धं टाकून पळत यायची.

पण आज संध्याकाळी चार वाजता मावशीला व्हॅनची किल्ली परत द्यायची होती!

झालं होतं असं, की वळण घेताना व्हॅनच्या डाव्या चाकातून कट् कट् कट् असा आवाज यायचा. इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, तो ॲक्सल, त्याचा सांधा झिजला की असा आवाज येतो. तीन महिन्यांपूर्वी गॅरेजवाल्या उस्तादाने ॲक्सल बदलला. आवाज मात्र तस्साच! मावशीने तक्रार केली, तर उस्ताद वाचनालयाच्या अध्यक्षबाईंना म्हणाला, "नवाकोरा ॲक्सल घातलाय मी. तीन महिन्यांत त्याची वाट लागली असेल, तर चालवणाराचा हात वाईट!"

अध्यक्षबाईंनी ते खरं मानलं आणि किल्ली परत मागणारी चिठ्ठी पाठवली. मावशी रडली नाही, भांडली नाही. तिने फक्त व्हॅनच्या काचा दोनदा पुसल्या. पैलवानाला ते बघवलं नाही. सकाळी उठल्या उठल्या तो शेजारच्या टर्नर आजोबांना घेऊन आला.

आजोबांनी चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड कातलं होतं. आता खांदा धरल्यामुळे हातोडा उचलवत नसे. जीभ मात्र भलतीच चालायची.

"थांब रे! नट चढवलास ना टोकावर? नाहीतर आटे चेपतील आणि मग बसा बोंबलत!"

"चढवलाय, आजोबा. तेलही सोडलंय, दोनदा. खालचा सांधाही सोडवलाय. दांड्याला आत सरकायला जागा आहे. तरी ढिम्म!"

ताई हबकडे निरखून बघत होती. हब म्हणजे चाकाच्या मधोमधचा जाड लोखंडी भाग. ॲक्सलचं दातेरी टोक त्यातून आरपार जातं. त्या दात्यांमधून लालभडक गंज डोकावत होता.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "नटातली पिन काढली तेव्हा तिचे तुकडे पडले. आता हा गंज. तीन महिन्यांत एवढं होतं?"

आजोबांनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. "तीन महिन्यांत? छे! हे टोक या हबमधून दहा वर्षांत कुणी बाहेर काढलेलं नाही!"



"म्हणजे उस्ताद खोटं बोलतोय!" पैलवान ओरडला. "माझ्या आईवर ढकलून मोकळा झाला!"

"आरडाओरडा नको," ताई म्हणाली. "आपण त्याच्याच गॅरेजमध्ये जाऊ. अडकलेला दांडा सोडवायचा तो पुलर मागायला. आणि डोळे उघडे ठेवायला!"

*

उस्ताद स्टुलावर बसून चहा पीत होता. तिघांना बघताच तो हसला.

"पुलर हवाय? नव्या ॲक्सलला? अरे, मी बसवलेला ॲक्सल लोण्यातून सुरी निघावी तसा निघतो!"

"काका, तुम्ही खरंच बदललात?" पैलवानाने जरा घुश्शातच विचारलं.

उस्तादाचा चहा अंगावर सांडला. "म्हणजे? मी खोटारडा? तो बघ कोपऱ्यात, काढलेला जुना ॲक्सल! चिठ्ठीसुद्धा बांधलीय!"

कोपऱ्यात खरंच एक ॲक्सल पडला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं: वाचनालयाची व्हॅन, डावा. ताईने तो उचलून सांधा गोल गोल फिरवला. ना आवाज, ना खडखड. रबराचं टोपणही धड!

"काका, हा तर चांगला दिसतोय," ती म्हणाली.

"चांगला की वाईट, ते कोण बघत बसतंय? डावा बदला म्हणाले, डावा बदलला. हा घे पुलर, आणि चार वाजता येतोच मी गंमत बघायला!"

परत येताना तिघंही तेच कोडं उलगडत होती. उस्ताद चिडला होता तो खराखुरा. खोटं बोलणारा माणूस असा चहा सांडून घेत नाही. त्याने ॲक्सल काढला होता, बसवला होता. आणि तरीही डाव्या चाकातला ॲक्सल दहा वर्षांत कुणी हलवलेला नव्हता. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा?

"डोकं फिरायची वेळ आली!" पैलवान म्हणाला.

*

पुलरच्या तीन तंगड्या चाकाच्या बोल्टांना पक्क्या बसल्या. मधला जाड स्क्रू ॲक्सलच्या टोकावर टेकला. ताई आणि पैलवान दोघांनी मिळून लांब पाना ओढला. स्क्रू करकरला. पुलर ताणला गेला. ॲक्सल तिथेच!

"आता त्याला ताणातच राहू द्या," आजोबा म्हणाले. "वरून तेल सोडा. हट्टी लोखंडाशी घाई करायची नसते. गडबड, तो छोटा पाना दे बघू, डावीकडचा."

गडबड बॉनेटसमोर उभी होती. तिच्यापुढे दोन पाने होते. तिने चटकन एक उचलून दिला.

"अगं हा नव्हे! डावीकडचा म्हटलं ना!"

"हाच डावीकडचा आहे!"

"झालं सुरू!" पैलवानाने कपाळाला हात लावला. "हिला अजून डावं-उजवं कळत नाही!"

गडबडीचे डोळे भरून आले. पण ती मागे हटली नाही. "माझ्या डावीकडचाच आहे हा! आजोबा तिकडून बघतायत आणि मी इकडून! कवायतीतसुद्धा सर आमच्याकडे तोंड करून हात दाखवतात, म्हणून तर..."

आणि ती मध्येच थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"ताई! उस्तादकाका गाडी दुरुस्त करताना कुठे उभे राहतात गं?"

"कुठे म्हणजे? बॉनेट उघडून समोर... अगं आई गं!"

ताई उडी मारून व्हॅनच्या दुसऱ्या बाजूला पळाली. पैलवान तिच्या मागे. दोघं उजव्या चाकामागे डोकं घालून बसली. आत एक ॲक्सल चकाकत होता. काळं कुळकुळीत रबर, आणि दांड्यावर दुकानाचं पिवळं लेबल!

"नवा! नवा इकडे आहे!"

"अरे देवा," आजोबा जमिनीवर बसून हसायलाच लागले. "नवरदेव सोडून करवल्याच्या गळ्यात हार! गाडीची बाजू चालकाच्या सीटवर बसून ठरते, हे शेंबडं पोरही सांगेल! आणि या व्हॅनला दोन्हीकडे सारखाच ॲक्सल, त्यामुळे तो बसलाही बिनबोभाट!"

पैलवान उठून थेट गडबडीसमोर जाऊन उभा राहिला. "सॉरी," तो म्हणाला. "तुला मघाशी बोललो ते."

"आता लगेच अध्यक्षबाईंना सांगू या!" ताई निघालीच होती.

"नको," गडबड म्हणाली. "काका म्हणतील, पोरांनी काहीतरी बनवून सांगितलं. त्यांनाच सांगू दे ना! सगळ्यांसमोर!"

ताईने बहिणीकडे जरा नव्याने पाहिलं. मग हुकूम सुटला, "पैलवान, घरातून दोन जुन्या चादरी आण!"

*

चारला पाच मिनिटं कमी असताना अध्यक्षबाई आल्या. त्यांच्या मागून उस्ताद, चेहऱ्यावर हसू घेऊन. मावशी हात धुऊन उभीच होती. तिने किल्ली बॉनेटवर ठेवली. पैलवानाने मान दुसरीकडे वळवली.

व्हॅनच्या दोन्ही बाजूंना चादरी सोडल्या होत्या.

"हे काय नाटक?" उस्ताद म्हणाला. "निघाला का ॲक्सल?"

"नाही ना, काका!" गडबड पुढे आली. चेहरा असा भोळा केला होता, की ताईला हसू दाबावं लागलं. "आमचा घोळ झालाय. मला ना, डावं-उजवं कळतच नाही. सगळे हसतात. तुम्ही बदलला तो डावा कुठला, दाखवाल?"

"त्यात काय अवघड आहे?" उस्ताद ऐटीत बॉनेटसमोर, आपल्या नेहमीच्या जागी, व्हॅनकडे तोंड करून उभा राहिला. त्याने डावा हात उंच केला. "हा माझा डावा हात. आणि हे त्या हाताचं चाक. याचाच ॲक्सल मी बदलला. समजलं, बाळ?"

"समजलं!" गडबड म्हणाली. "अध्यक्षबाई, तुम्ही चालकाच्या सीटवर बसून सांगता का, काकांनी कुठलं चाक दाखवलं ते?"

बाईंना काही उमजेना. तरी त्या जपून चढून बसल्या. त्यांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. काचेतून समोरच्या उस्तादाच्या हाताकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं.

"अहो उस्ताद," त्या सावकाश म्हणाल्या, "हे तर उजवं!"

फर्र! पैलवानाने एक चादर ओढली. पिवळ्या लेबलाचा नवा ॲक्सल! फर्र! ताईने दुसरी ओढली. पुलर चढवलेला, गंजाने माखलेला जुना!

उस्तादाचा हात वरच राहिला. त्याने एकदा या चाकाकडे पाहिलं, एकदा त्या चाकाकडे, आणि मग स्वतःच्या डाव्या हाताकडे असं पाहिलं की जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा होता.

"पण हा खरंच जुना आहे कशावरून?" बाई खाली उतरत म्हणाल्या. त्यांना सगळं नीट पटवून घ्यायची सवय होती.

"बाहेर काढून दाखवतो!" पैलवानाने हातोडा उचलला. मग तो थबकला, आणि त्याने तो आईपुढे धरला. "आई, तू मार."

मावशीने पदर खोचला. आजोबांनी तिला चष्मा घालायला लावला आणि सगळ्यांना मागे सरकवलं. "स्क्रूच्या डोक्यावर. सरळ. एकच!"

मावशीने हातोडा उचलला. अकरा वर्षं जे कधी बोलली नव्हती, ते सगळं त्या हातोड्यात आलं असावं.

धाड्!

बंदुकीसारखा आवाज झाला. गंजाचा लाल धूर उडाला, आणि सकाळपासून छळणारा तो ॲक्सल चार बोटं आत सरकला!

"सुटला! सुटला!" पोरांनी शेड डोक्यावर घेतली. आजोबांनी धरलेला खांदा विसरून टाळ्या पिटल्या. दांडा बाहेर निघाला, तेव्हा त्याचा झिजलेला सांधा आजोबांनी बाईंच्या कानाजवळ फिरवला. कट् कट् कट्!

बाईंनी बॉनेटवरची किल्ली उचलली, मावशीजवळ जाऊन ती तिच्या हातात ठेवली आणि तिची बोटं मिटली. "न विचारता ठरवलं मी. माझं चुकलं. चिठ्ठी फाडून टाका."

मावशी दिवसभर रडली नव्हती. आता रडली.

उस्ताद कानापर्यंत लाल झाला होता. "ताई," तो मावशीला म्हणाला, "तीन महिने तुमच्या हाताला नावं ठेवली. दोष माझ्या हाताचा होता." मग त्याने बाह्या वर केल्या. "माझ्या कोपऱ्यात पडलाय ना, तो चांगलाच ॲक्सल आहे! उजवीकडचा धडधाकट काढून ठेवला मी. पळा पोरांनो, घेऊन या! अंधार पडायच्या आत बसवून देतो. डावीकडे! आणि या छोट्या उस्तादीणबाई माझ्यावर लक्ष ठेवतील!"

छोट्या उस्तादीणबाई म्हणजे गडबड. तिने कमरेवर हात ठेवून लक्ष ठेवलं, आणि दोनदा टोकलंसुद्धा.

सूर्य मावळायच्या बेताला व्हॅन शेडबाहेर आली. मावशीने पहिलंच वळण मुद्दाम खूप आवळून घेतलं. सगळ्यांनी श्वास रोखले. मागच्या फळ्यांवर पुस्तकं थोडी कलली, एवढंच. आवाज नाही!

"वा रे पोरांनो!" रस्त्याच्या कडेला उभे असलेले आजोबा ओरडले. "आमच्या कारखान्यात असती तुमच्यासारखी डोकी, तर माझे निम्मे केस तरी काळे राहिले असते!"

मावशीने व्हॅन थांबवली आणि खिडकीतून हाक मारली. "उद्या वस्तीवर पुस्तकं वाटायला मदतनीस हवेत. तिघं चढा आत! गडबड, तू पुढे, माझ्या डावीकडे बस."

गडबड दाराशी थांबली. चेहरा अगदी गंभीर करून तिने विचारलं, "मावशी, इकडून बघून की तिकडून?"

"सीटवर बसून!" पैलवान, ताई, उस्ताद आणि अध्यक्षबाई एका सुरात ओरडले. गडबड बरोबर दारातून आत चढली, आणि मावशीने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा लांबलचक हॉर्न वाजवला.