जुनी फळी, नवी फळी

पुलावर अकरा माणसं होती. त्यांतल्या नऊ जणांच्या पायांत बूट होते. उरलेल्या दोघांपैकी एक पद्मजा. पुलाच्या तोंडाशी तिच्या चपलांशेजारी आता कुणाचे तरी बूट नीट जोडून ठेवलेले होते, आत मोजे खोचून.

१९८६ चा ऑक्टोबर. न्यू जर्सीतल्या एका बागेत कोरियाहून सुटा करून आणलेला, डागडुजी करून पुन्हा जोडलेला हा लाकडी पूल. वर कौलारू छप्पर, टोकं आभाळाकडे वळलेली... ते पाहिलं आणि पद्मजाचे पाय आपोआप चपलांतून बाहेर आले. देऊळ नव्हे, हे नंतर पाटी वाचल्यावर कळलं.

"तुम्हालाही देऊळच वाटलं ना?"

तिने वळून आधी त्याचे पाय पाहिले, मग चेहरा.

"मी मराठी, हे कशावरून?"

"कोल्हापुरी पार्क केलीये ना बाहेर!"

तो चारुदत्त. अटलांटाला इंजिनिअर. "संध्याकाळच्या फ्लाइटने परत," तो म्हणाला, आणि तिला उगाचच वाईट वाटलं.

"पायांना गंमत कळतेय का?" तिने विचारलं. "जुन्या फळ्या झिजून मऊ झाल्यात. नव्यांच्या कडेला दुरुस्तीचं साल कोरलंय."

"मग टेस्ट घ्या. डोळे मिटून ओळखतो. जमलं तर... तुमचा फोन नंबर."

"दहापैकी आठ यायला हवेत. सातला मिळणार नाही. मी फिजिक्सवाली, राउंड ऑफ करत नाही."

"आणि नाही जमलं तर?"

"तर... हॅपी जर्नी."

त्याने डोळे मिटले. "धरा ना, यार! पाण्यात पडलो तर फ्लाइट चुकेल."

"मग तर मुळीच धरणार नाही," असं म्हणत तिने दोन बोटांनी त्याची बाही धरली. तिसऱ्या फळीपर्यंत बाहीच्या जागी हात आला होता.

"जुनी... नवी... नाही, थांबा — जुनीच!"

काय तो आत्मविश्वास! छपरावर पावसाची भुरभुर सुरू झाली. सहाव्या फळीवर तो अडला, पायाची बोटं मुडपून विचार करू लागला. पद्मजाने कडेचं कोरलेलं साल पाहिलं. मग बराच वेळ त्याच्या मिटलेल्या पापण्या पाहिल्या.

दहावी फळी झाली. चार बरोबर होत्या.

"किती?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"आठ," पद्मजा म्हणाली.