सहा खिडक्यांचं माप

दाराची कडी वाजली आणि दुपारची शांतता मोडली. नंदू नुकतीच झोपली होती. मी दातात धरलेला दोरा तसाच ठेवून उठले.

"घोंगडीवाले सावळाराम हितंच राहत्यात का?"

"न्हाई. पुढच्या वळणाला."

तो गेला नाही. त्याची नजर आधी शिलाई मशीनवर गेली... मग माझ्यावर. "तुमी शिवता? मग माझं निम्मं काम तुमच्याकडंच हाय की."

तो सोमनाथ, भोंगवलीचा. एका जुन्या ट्रॅव्हलर गाडीचं त्यानं फिरतं घर केलं होतं. आत पलंग, ओटा, शेगडी. दिवाळी झाली की सहा महिने हिमाचलात जायचं, बर्फ बघायला आलेल्यांना फिरवायचं. राहिली होती ती फक्त थंडी अडवणारी खिडक्यांची झाकणं. मोबाईलवर त्यानं चंदेरी शीट दाखवली.

"चकाकती लई," मी म्हणाले, "पण पहाटे आतून दव सुटंल. गादी भिजंल तुमची."

"मग वो?"

"काचेकडनं ही लावा, आतनं घोंगडी. लोकर ओल पिऊन घेती."

"आणि शिवणारीण? ती पण येती का हिमाचलात?"

"ती मार्गासनीतच राहती."

आतून आत्याबाई, माझ्या सासूबाई, खोकल्या. मी हसू गिळलं. नंदूचे बाबा गेले तेव्हा ती पाळण्यात होती. त्यानंतरच्या चार वर्षांत मी कुणाशी असं बोललेच नव्हते.

सावळारामकडची घोंगडी आणून दिली, माझा नंबर घेतला आणि तो गेला; गाडी भोंगवलीच्या गॅरेजात होती. दोन दिवसांनी फोन आला. "टेप सापडंना."

"वितीनं सांगा. आमी वाकळ वितीनंच मोजतो."

त्यानं खिडकी-खिडकीनं माप सांगितलं... रोज एकच खिडकी. एका फोनात सहा मापं मावली नसती असं नाही. मधेच विचारायचा, "जेवलात?" मी म्हणायची, "माप सांगा." आणि फोन ठेवल्यावर उगाच नंदूची वेणी परत घालायची.

बुधवारी गाडी दारात आली. शुक्रवारी त्याला निघायचं होतं.

पहिलं झाकण काचेला लावलं, तर चहूबाजूंनी उजेड. दुसरं लावलं... तिसरं... सहाही आखूड! चांगली घोंगडी मी कात्रीखाली घातली होती, आणि दोन दिवसांवर त्याचं जाणं.

आत्याबाई घराच्या ओट्यावर वाल सोलत होत्या. त्यांनी मान वर केली. "मोजलं कुणाच्या वितीनं?"

"त्यांच्या."

"आन् कापलं?"

मी माझ्याच पंजाकडं पाहिलं.

"शहाणीच गं माजी बाय! त्यो एवढा दांडगा गडी, तुजी वीत पोरीएवढी. आता दोगांचे हात लावून तरी बघा, किती फरक हाय त्यो. लाजताय कशाला? खिडकीचं काम हाय."

घोंगडीवर त्यानं पंजा फाकला. शेजारी मी. त्याची करंगळी माझ्यापेक्षा दोन बोटं पुढं गेली. हाताला हात टेकला होता... तो कुणीच काढेना.

"चारी बाजूंनी पट्ट्या जोडते," मी घाईनं म्हणाले. "उद्या होईल."

"नका जोडू," तो हळूच म्हणाला. "फटी राहिल्या तर मला निघता यायचं न्हाई."

मी जोडल्या. नंदू शाळेत असताना, नंदू झोपलेली असताना, चुलीवर भात शिजत असताना. टाका घट्ट घातला की तो जायचा, सैल घातला की कुडकुडायचा. दोन्ही मला नको होतं. तरी हात घट्टच घालत राहिला.

गुरुवारी दुपारी झाकणं बसवली. पुढचा जाड पडदा ओढला, दार लावलं. भर दुपारी गाडीत गुडुप अंधार झाला. नंदू पलंगावर उड्या मारत होती.

"दिसतोय कुठं उजेड?" मी विचारलं.

"न्हाई." मग— "प्रेरणा..."

त्यानं पहिल्यांदाच नाव घेतलं होतं.

"थांब म्हणालात तर थांबतो. खरंच थांबतो."

एका शब्दाचं काम होतं. पण दोन वर्षं राबून त्यानं ही गाडी उभी केली होती.

"थांबा न्हाई म्हणायची मी," आवाज माझाच, पण मला ओळखू येईना. "पण... परत या. गिऱ्हाईक म्हणून नको."

अंधारात त्याची बोटं माझ्या बोटांत आली, आणि राहिली.

"उन्हाळ्यात, आखितीच्या आत येतो," तो म्हणाला. "आत्याबाईंशी मीच बोलंन."

तेवढ्यात नंदूनं एका झाकणाचा कोपरा ओढला. ऊन थेट आमच्या हातांवर पडलं. तिनं हातांकडं पाहिलं, त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"आई, ह्यांना मी मामा म्हणू, का काका... का आनखी काय म्हणू?"