डाव्या मडगार्डवरची पट्टी

हे घडलं तेव्हा भर दुपार होती. आधीच सांगते, कारण भुताची गोष्ट म्हटलं की सगळे रात्र गृहीत धरतात.

रविवार. सव्वातीन वाजले होते. जागा, माझ्या धाकट्या मामाची गाड्या पॉलिश करायची शेड.

मी भौतिकशास्त्र शिकले आहे. मामाला हे सगळं तीनदा विचारलं, मध्ये महिना महिना जाऊ देऊन. एकदाही तपशील बदलला नाही. म्हणून लिहिते आहे.

हे काम त्याला थोरल्या मामाने शिकवलं. अकरा वर्षांपूर्वी थोरला मामा पहाटे सायकलवरून घरी येत होता. कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं. गाडी कधीच सापडली नाही.

त्यानंतर धाकट्या मामाला सावरलं ते शेजारच्या दुकानात गाड्या रंगवणाऱ्या पेंटरने. थोरल्या मामाचा जिवलग दोस्त. आमच्या घरचाच माणूस. मामाला पुन्हा कामाला लावलं तेही त्यानेच. मामा नेहमी म्हणायचा, "एक भाऊ गेला, पण दुसरा देऊन गेला."

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी येणार होता. दोन्ही दुकानांमधली भिंत पाडायची, धंदा एक करायचा, एकच पाटी लावायची. पाटीखाली पेंटरची जुनी निळी गाडी चकचकीत करून उभी करायची, असं ठरलं होतं.

"कंपनीचा रंग आहे हां, धाकट्या," चावी देताना पेंटर म्हणाला. "एक इंच पुन्हा रंगवलेला नाही. ओरखडा आला तर उद्या भिंतीआधी तुला पाडीन."

"जा रे! आधी स्वतःच्या टकलाला वॅक्स लावून घे."

पेंटर हसत हसत पाटी आणायला गेला.

मामाने गाडी धुतली, पुसली, कडांना टेप लावली. रंग घासून चमकवणारं बफिंग मशीन सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला ते बंद पडलं. रविवारी दुरुस्त कोण करणार?

कपाटाच्या तळाशी थोरल्या मामाचं मशीन होतं. लोखंडी, अवजड. अकरा वर्षं कुणी हात लावला नव्हता.

मामाने नवा लोकरी पॅड चढवला, प्लग लावला. मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

टप झाला. बॉनेट झालं. रंग असा उजळला की मामाला त्यात स्वतःच्या भुवया दिसायला लागल्या. तहान लागली म्हणून त्याने बटण बंद केलं, मशीन स्टुलावर उताणं ठेवलं आणि माठाकडे गेला.

बटण बंद केल्यावर चकती थोडा वेळ फिरत राहते. मी नंतर घड्याळ लावून मोजलं. सहा सेकंद.

मामाचा पेला पिऊन झाला...

आवाज चालूच होता.

त्याने दुसरा पेला भरला. आवाज चालूच.

एक गोष्ट या कामातल्या माणसालाच कळते. मशीन मोकळं फिरतं तेव्हा किंचाळतं. पत्र्यावर टेकलं की आवाज जाड होतो.

आवाज जाड होता.

मामा वळला. मशीन स्टुलावरच होतं, कशालाही न टेकलेलं. त्याने धावत जाऊन प्लग उपटला...

तरी आवाज थांबला नाही.

मग थांबला. एकदम. आणि रस्त्यावरचाही आवाज नव्हता. ना हॉर्न, ना माणूस, ना कावळा.

त्या शांततेत मामाला दिसलं...

डाव्या मडगार्डवर टेपचा तुकडा. बोटभर. तिरका. एक कोपरा आत दुमडलेला.

ही थोरल्या मामाची खूण. पुन्हा रंगवलेल्या भागावर मशीन दाबलं तर रंग जळतो, म्हणून अशा भागावर तो हा तुकडा लावायचा. कोपरा दुमडायचा, म्हणजे काढताना नख लावायला नको. असं करणारा दुसरा कुणी मामाने पाहिला नव्हता.

"पेंटर? चेष्टा पुरे!"

कुणी नव्हतं. शटर अर्धं खाली होतं, मामाने ओढलं होतं तेवढंच.

त्याने तुकडा काढला. कंपनीचा रंग, एक इंच पुन्हा रंगवलेला नाही, असं पेंटर म्हणाला होता. मग ही खूण कशाला? त्याने पुन्हा प्लग लावला आणि अगदी हलक्या हाताने मशीन मडगार्डवर ठेवलं.

मशीन त्याच्या हातात राहिलं नाही. चाकावरच्या वळणाकडे ओढत गेलं... आणि तिथेच रुतलं. बटण बंद होईना. उचललं तर उचलेना. जणू पलीकडून कुणी मुठीवर हात ठेवला होता.

जळक्या रंगाचा वास आला. मग मशीन आपोआप शांत झालं.

निळा थर गेला होता. खाली अंगठ्याएवढा डाग होता. वेगळा निळा. ब्रशने लावलेला, केसांच्या रेघा दिसणारा.

 तो डाग मामाच्या ओळखीचा होता.

थोरला मामा गेल्यावर सहाव्या दिवशी पेंटर ठोकून सरळ केलेला, नव्याने रंगवलेला एक सुटा मडगार्ड घेऊन घरी आला होता. "ऊठ, धाकट्या. नुसता बसलास तर वेडा होशील. गिऱ्हाइकाचा आहे, बफ मारून दे." मामाने दादाच्याच मशीनने तो घासला. रडत रडत. वळणावर मशीन जास्त वेळ थांबलं, रंग जळाला. पेंटर रागावला नाही. पाठीवर हात फिरवला, ब्रशने तेवढी जागा भरली आणि म्हणाला, "होतं असं. वरून एक हात मारतो मी."

त्या एका दुपारसाठी मामा अकरा वर्षं त्याचे उपकार मानत आला होता. तो मडगार्ड गिऱ्हाइकाचा नव्हताच, याच गाडीचा होता.

शटर वाजलं. पेंटर पाटी खांद्यावर घेऊन आत आला.

"बघ, तुझं नाव आधी घातलंय..." तो मध्येच थांबला. त्याची नजर डागावर गेली नव्हती. मामाच्या बोटाला चिकटलेल्या टेपवर गेली होती.

"तो कोपरा कोणी दुमडला?"

"तू सांग."

पेंटरने पाटी भिंतीला टेकवली. 

"अंधार होता रे. कोण आहे ते कळलंच नाही."

"आणि कळलं तेव्हा?"

"तेव्हा... उशीर झाला होता."

"मला घासायला दिलास, पेंटर. माझ्या हातून. दादाच्या मशीनने."

"तुला कामाची गरज होती," पेंटर म्हणाला. मामा सांगतो, ते वाक्य पेंटरला खरंच वाटत होतं. मामाला तेच सहन झालं नाही.

सकाळी गवंडी आला. मामाने त्याला परत पाठवलं आणि पोलीस चौकीत गेला. पेंटर रात्रीतच कुठेतरी निघून गेला होता. आजवर पत्ता नाही.

मामाला मात्र वेगळंच खातं. "पहिल्या वेळीही मशीन त्याच जागी थांबलं होतं गं. मला वाटलं, मी रडतोय म्हणून हात चुकला. दादा तेव्हाच सांगत असेल तर?"



गाडी अजून शेडच्या कोपऱ्यात आहे. पोलिसांनी पंचनामा केला, फोटो काढले, पण न्यायला कुणी आलं नाही. मामा तिच्या जवळ जात नाही. मागच्या महिन्यात मी गेले. टपावर बोटभर धूळ. बॉनेटवर धूळ. डावा मडगार्ड... आरशासारखा.

ऊन तिथवर पोचत नाही. मी सगळे प्लग तपासले. मग तळहात टेकवला.

बफ मारल्यावर पत्रा तापतो. गरम राहतो तो काही मिनिटंच.

"काय गं शास्त्रज्ञ बाई," मामाने लांबूनच विचारलं. हसायचा प्रयत्न करत होता. "गरम तर नाही ना?"

"नाही मामा," मी म्हणाले. "गार आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हाताकडे, जो मी चटकन मागे घेतला होता.

 तेव्हापासून मला त्याने शेडवर बोलावलेलं नाही.