ग्रहणात सरकवलेला दगड

हे मी आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण यातलं काहीही बनवलेलं नाही.

१६ फेब्रुवारी १९८०. शनिवार. डिचोलीपासून दोन कोसांवरचं आमचं गाव. त्या दुपारी मोठं सूर्यग्रहण होतं.

सगळी दारं-खिडक्या बंद. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

माझ्या थोरल्या भावाला, महादेवला, तेच हवं होतं.

आमच्या काजूच्या बागेला लागून पियेदाद बायची जागा. म्हातारी विधवा, एकटी. मुलगा वास्कोहून बोटीवर गेलेला. तिच्या हद्दीत एक झर होती, मे महिन्यातही न आटणारी. हद्दीचा दगड वीस पावलं सरकवला की झर आमची. मोजणीला माणसं येणारच होती.

महिन्याभरापूर्वी तिने महादेवला दगडाजवळ घुटमळताना पाहिलं होतं.

"म्हादेवा, शेजाऱ्याच्या शीमेचो दगड जो चोरून हालयता, ताका शिराप लागता. आमचो पाद्री सांगता. आनी सगळो लोक म्हणता, आमेन, तशेंच जांव."

"तुझो लोक खंय आसा गो म्हातारे?" महादेव हसला होता.

साडेतीनच्या सुमारास ऊन राखेसारखं झालं. आम्ही पहारीने दगड उपटला. दोघांनी मिळून नेला. नवा खड्डा मी खणला. महादेव खाली वाकून माती दाबत होता...

पाखरं गप्प झाली.

मग झरीचा आवाज थांबला.

पाणी वाहत होतं. मला दिसत होतं. आवाज मात्र नव्हता...

आणि माझ्या अगदी पाठीशी कुणीतरी म्हणालं...

"आमेन."

वळलो. कुणी नाही.

मग डावीकडून. उजवीकडून. बाया, पुरुष, लहान पोरं... शंभर-दोनशे तोंडं एकदम. ओरडणं नव्हतं. थंड, ठाम आवाज. निकाल लागल्यासारखा.

हळूहळू उजेड परतला. पाखरं बोलू लागली.

महादेव जमिनीवर हात चाचपत होता.

"सगुण, ग्रहण सुटलां मां? मग अजून काळोख कित्याक?"

म्हापशाच्या डॉक्टरने सांगितलं, ग्रहणाकडे बघितल्याने डोळे गेले. गावानेही तेच धरलं.

पण त्याने मान वर केलीच नव्हती. मी शेजारी होतो.

दुसऱ्या पहाटे मी एकट्याने दगड लोळवत नेला आणि जुन्या जागी रोवला. पियेदाद बायला शेवटपर्यंत काही कळलं नाही. उलट आंधळ्या महादेवसाठी तीच पाव घेऊन यायची. तिची पावलं ऐकली की तो भिंतीकडे तोंड करायचा.

नऊ वर्षं तो तसा जगला. जायच्या आदल्या दिवशी त्याने माझा हात घट्ट धरला.

"काळोख रिकामो ना रे, सगुण. माणसां आसत. उबी."

"तुझ्याकडे बघतात?"

त्याने आंधळे डोळे माझ्या दिशेने वळवले.

"ना... तुज्याकडे."

आता मी पंच्याहत्तरी ओलांडली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. फोंड्याचा डॉक्टर म्हणतो, घाबरू नका, एका डोळ्यावर एकच दिवस पट्टी. पण पट्टीआड काळोखच.

माझ्या मुलीने, हर्षाने, ऑपरेशनची तारीख दोनदा घेतली.

दोन्ही वेळा मी गेलो नाही.